जळगावच्या घरात क्वाड ईएसएल-63 : स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून एकच खरेदी

तीन वर्षांपूर्वी पुण्यातील एका श्रोत्याकडून मी क्वाड कंपनीच्या ईएसएल-63 या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांची वापरलेली जोडी विकत घेतली. लाकडी खोक्यात उभी बांधलेली ती जोडी टेम्पोने अजिंठ्याचा घाट उतरून जळगावला आली. चांगल्या नव्या मोटारसायकलीला जेवढे पैसे लागतात तेवढे या जोडीला लागले, त्यामुळे घरात बराच विचार करूनच हा व्यवहार झाला. आतापर्यंत या स्पीकरांनी आमच्या गावचे तीन उन्हाळे, तीन पावसाळे आणि माझ्याकडचे तीन अ‍ॅम्प्लिफायर पाहिले आहेत. या भागात असे स्पीकर वापरणारे मला फारसे कोणी भेटले नाही आणि इंग्रजी परीक्षणांत आपल्या धुळीचा, कूलरचा किंवा भारनियमनाचा विचार केलेला नसतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवतो. माणसाचा गाता आवाज ऐकण्यासाठी याहून चांगले साधन मी अद्याप ऐकलेले नाही. मात्र हे श्रेय एकट्या स्पीकरचे नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायर चुकला तर हेच स्पीकर अगदी सामान्य वाटतात, आणि ती चूक माझ्याकडून दोनदा झाली.

आपल्या घरांतील नेहमीच्या स्पीकरात कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन असतो आणि त्याला चिकटवलेली तारेची कॉइल लोहचुंबकाच्या फटीत मागेपुढे होते. ढकलण्याचे काम कोनाच्या मध्यावर होते, काठ मागाहून हलतात, आणि कोन जिथे किंचित वाकतो तिथे आवाजात त्याचा स्वतःचा रंग मिसळतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरात कोन नसतो, कॉइल नसते आणि लाकडी पेटीही नसते. सच्छिद्र अशा दोन स्थिर पट्टांच्या, म्हणजे स्टेटरांच्या, मधोमध पॉलिएस्टरची अतिशय पातळ फिल्म ताणून बसवलेली असते. तिच्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार ठेवलेला असतो. ईएसएल-63 मध्ये तो 5,250 व्होल्ट आहे. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा संकेत स्पीकरच्या आतील ट्रान्सफॉर्मर कित्येक पटींनी चढवून दोन्ही स्टेटरांना उलटसुलट देतो, त्यामुळे एक स्टेटर फिल्मला ओढत असतो त्याच क्षणी दुसरा तिला ढकलत असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की हे बळ फिल्मच्या सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी लागते. फिल्मवरचा लेप मुद्दाम फार कमी वाहक ठेवलेला असतो, जेणेकरून भार जागच्या जागी राहावा आणि बळ संकेताच्या प्रमाणातच राहावे.

फिल्म किती हलकी असते याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. सहा मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टरची एक चौरस मीटर फिल्म घेतली, तर तिचे वजन साडेआठ ग्रॅमच्या आत भरते. तेवढ्याच क्षेत्रफळावरील जेमतेम सात मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराचे वजनही तेवढेच असते. म्हणजे ही फिल्म हलवणे हे जवळजवळ हवाच हलवण्यासारखे आहे. स्वर सुरू होताच ती निघते आणि स्वर थांबताच ती थांबते.

पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर 1957 साली बाजारात आला आणि त्याचे उत्पादन 1985 पर्यंत चालले. आज त्याला सगळे ईएसएल-57 म्हणतात. त्याच्या पुढच्या स्पीकरवर वॉकर यांनी 1963 साली काम सुरू केले, म्हणून नावात 63 आले. प्रत्यक्षात तो 1981 साली विक्रीला आला. अठरा वर्षे ज्या कल्पनेवर गेली ती मला अतिशय सुंदर वाटते. सपाट मोठ्या पडद्याचा दोष असा की उंच स्वर त्यातून टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात आणि ऐकणाऱ्याने मान जरा हलवली तरी चित्र बदलते. वॉकर यांनी स्टेटरचे समकेंद्री वलयांत भाग पाडले. संकेत आधी मधल्या भागाला मिळतो आणि मग विलंब लावणाऱ्या सर्किटांतून एकेका बाहेरच्या वलयाला पोहोचतो. विहिरीत खडा पडल्यावर तरंग पसरतात तसा ध्वनी पडद्यावरून पसरत जातो आणि ऐकणाऱ्याला तो पडद्याच्या सुमारे 30 सेंटीमीटर मागे असलेल्या एका बिंदूतून आल्यासारखा भासतो. सपाट पडद्यातून असा गोल तरंग काढणे हीच या स्पीकरची खरी करामत आहे.

ऐकताना याचा अर्थ काय होतो, हे तंबोऱ्यावरून सर्वांत लवकर कळते. नेहमीच्या स्पीकरवर तंबोरा म्हणजे गायकाच्या मागे पसरलेला एक गुंजारव असतो. या स्पीकरांवर चार तारा चार वेळा छेडल्या जातात, प्रत्येक तारेची जवारी वेगळी उमलते आणि खर्जाची तार विरत असताना पंचमाची तार कुठे तिच्यात मिसळली तेही कानांना दिसते. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे ऐकताना दोन आवर्तनांमधला श्वास, स्वर लावण्याआधी घशाची होणारी बारीक तयारी आणि ‘आ’काराचा ‘ओ’काराकडे होणारा झुकाव या गोष्टी मला इतक्या वर्षांत प्रथमच स्पष्ट ऐकू आल्या. किशोरी आमोणकर यांच्या आलापीत स्वर जिथे अगदी बारीक होतो, तिथेही तो पोकळ होत नाही.

माझ्याकडे एक कॅसेट आहे, अमळनेर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. तीत आजी पहाटे दळताना अहिराणी ओव्या म्हणते आहे. ही कॅसेट मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि घरघर, खरखर आणि त्यातून येणारा आजीचा आवाज एवढेच तिचे स्वरूप मला ठाऊक होते. ईएसएल-63 वर ती लावली तेव्हा टेपची खरखर पुढच्या पातळीवर राहिली आणि जाते तिच्या मागे गेल्यासारखे झाले. मूठभर ज्वारी तोंडात पडली की पाळीचा आवाज क्षणभर जड होतो आणि दाणे भरडले गेले की पुन्हा हलका होतो, हे ऐकू आले. बांगड्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी किणकिणतात, कारण हात खुंट्याबरोबर तिथेच वळतो. ओवीचा शेवटचा शब्द आजी नेमका त्या वळणावर सोडत असे, ही गोष्ट मला त्या दिवशी समजली. एकाच मायक्रोफोनने भरलेल्या कॅसेटमध्ये हे सगळे पूर्वीपासूनच होते.

आता मर्यादा. ज्यांना लग्नाच्या मांडवातल्या ढोलासारखा ठोका छातीवर हवा आहे, त्यांनी हे स्पीकर घेऊ नयेत. पडदा पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो, तोही उलट्या कलेत, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ती ओढली जाते, त्यामुळे अगदी खालचे स्वर कडेने वळून एकमेकांना खोडतात. तबल्याचा डग्गा आणि पखवाजाची धूम मात्र फार सुबक येते. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड तर इथेच ऐकावी. आवाजाच्या पातळीलाही मर्यादा आहे. बैठकीतल्या गाण्याच्या पातळीवर हे स्पीकर निश्चिंत असतात, मोठ्या वाद्यवृंदाच्या कळसाला ते थकतात.

जागेचा प्रश्न खानदेशातील घरांत थोडा वेगळा आहे. मागच्या भिंतीपासून निदान एक मीटर, जमल्यास सव्वा ते दीड मीटर अंतर सोडावेच लागते, नाहीतर मागचा आवाज भिंतीवर आदळून पुढच्या आवाजात कालवला जातो. आमच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती या कामाला उत्तम होत्या. आताच्या स्लॅबच्या खोलीत गुळगुळीत गिलावा आणि फरशी असल्यामुळे आवाज किणकिणतो. मी मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या पडद्यासारख्या टांगल्या आणि जमिनीवर सतरंजी अंथरली. त्याने जो फरक पडला तो महागड्या तारांनी पडला नसता.

आता या परीक्षणातील मुख्य गोष्टीकडे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे येतो. सामान्य स्पीकर हा अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने बहुतांशी रोधासारखा भार (लोड) असतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर हा मुळात एक कपॅसिटर आहे आणि त्याच्या पुढे ट्रान्सफॉर्मर बसवलेला आहे. कपॅसिटरचा धर्म असा की स्वर जितका उंच तितका त्याचा अडथळा कमी. ईएसएल-57 चा इम्पीडन्स, म्हणजे हा अडथळा, मधल्या स्वरांत सोळा ओहमच्या आसपास असतो आणि अगदी वरच्या टोकाला दोन ओहमच्या जवळ येतो. ईएसएल-63 त्या मानाने सौम्य आहे आणि त्याचा नामनिर्देशित इम्पीडन्स 8 ओहम आहे, पण स्वभाव त्याच घराण्यातला आहे. असा भार पाहून काही अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर होतात, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनसंख्येवर स्वतःच थरथरू लागतात आणि तापतात.

माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर नेमका असा निघाला. तो घरात आधीपासून होता, कागदावर 80 वॅटचा होता, आणि ज्या दुकानातून घेतला तिथे तो कोणत्याही स्पीकरला चालेल असे मला ठामपणे सांगण्यात आले होते. ईएसएल-63 जोडल्यावर तो मध्यम आवाजातही हात लावू नये इतका तापत असे आणि द्रुत लयीत तार सप्तक आले की आतला रिले ‘टक्’ असा आवाज करून सगळे बंद पाडत असे. पुन्हा दुकानात विचारले तेव्हा दोष स्पीकरांचा ठरवला गेला. वास्तविक दोघांपैकी कोणीच बिघडलेले नव्हते. त्यांचे एकमेकांशी जमत नव्हते, आणि हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

दुसरा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा होता, एका हौशी कारागिराने हाताने बांधलेला. त्याच्यावर मधले स्वर इतके मऊ आणि भरीव येत की पहिले आठ दिवस मी दुसरे काही ऐकलेच नाही. मग लक्षात आले की झांजा दूर गेल्या आहेत आणि सतारीच्या तरफा झाकोळल्या आहेत. कारण पुन्हा हिशेबाचेच आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स बऱ्याचदा जास्त असतो. समजा तो 2 ओहम आहे. स्पीकर 16 ओहम दाखवत असताना व्होल्टचा नवमांश भाग अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात खर्ची पडतो, पण स्पीकर 2 ओहमवर उतरला की निम्मा भाग तिथेच जातो. म्हणजे वरचे स्वर जवळजवळ 5 डेसिबलने खाली येतात. व्हॉल्व्ह वाईट असा याचा अर्थ नाही. ईएसएल-57 आला तेव्हा क्वाडचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर 15 वॅटचा क्वाड II हा व्हॉल्व्हचाच होता. मात्र त्याचा आउटपुट इम्पीडन्स पुरेसा कमी आहे की नाही, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरा, आणि आता कायमचा, म्हणजे क्वाड 405-2. मूळ 405 हा 1975 चा आहे आणि 405-2 ही त्याची नंतरची सुधारित आवृत्ती. यात एक लहान, अचूक अ‍ॅम्प्लिफायर संकेताची काळजी घेतो आणि जाड ट्रान्झिस्टर केवळ प्रवाह पुरवण्याचे काम करतात, ज्याला करंट डम्पिंग म्हणतात. मी घेतला तेव्हा त्याचे जुने कपॅसिटर बदलून घ्यावे लागले, वयाच्या मानाने ते अपेक्षितच होते. त्यानंतर मात्र ईएसएल-63 अशा काही सहजपणे बोलू लागले की आधीच्या दोन वर्षांत मी या स्पीकरांना न्याय दिला नव्हता, याची खंत वाटली.

या जोडीमागचा हिशेब प्रत्येक खरेदीदाराने स्वतः मांडून पाहावा. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला मर्यादा असते ती व्होल्टची, कारण व्होल्ट वाढले की फिल्म आणि स्टेटर यांच्यात ठिणगी पडते. ईएसएल-63 स्वच्छ वाजतो तो कमाल 40 व्होल्ट शिखरापर्यंत, म्हणजे संकेताच्या सर्वोच्च क्षणी 40 व्होल्टपर्यंत, आणि 55 व्होल्टच्या पलीकडे त्याला नेऊ नये असे कंपनी सांगते. आत संरक्षक सर्किट आहे, पण त्याच्या भरवशावर राहणे बरे नव्हे. 8 ओहमवर 100 वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर नेमका 40 व्होल्टच्या शिखराला पोहोचतो. 405 हा बरोबर 100 वॅटचा आहे. याच न्यायाने ईएसएल-57 ची मर्यादा 33 व्होल्ट आहे. 45 वॅटचा क्वाड 303 सुमारे 27 व्होल्टपर्यंत जातो म्हणून तो त्याला सुरक्षित, आणि व्होल्ट रोखणारा मर्यादक न बसवलेला 405 धोक्याचा. दोनशे-अडीचशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ‘कमी आवाजात वापरू’ म्हणून जोडणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की घरात कोणाचा तरी हात एकदा तरी व्हॉल्यूमच्या बटणाला लागतोच.

405 बद्दल आणखी एक बारकावा आहे, जो मला महिनाभराने उमगला. तो अर्ध्या व्होल्टच्या इनपुटवरच पूर्ण शक्ती देतो, आणि आजचे सीडी प्लेयर व डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत संकेत करणारे यंत्र) दोन व्होल्ट देतात. त्यामुळे बटण जरासे फिरवले की आवाज अंगावर येतो आणि नियंत्रणाला वावच उरत नाही. इनपुटला 12 डेसिबलचे रोधकांचे साधे अटेन्युएटर, म्हणजे संकेत कमी करणारे सर्किट, बसवून घेतले की हा प्रश्न संपतो. भुसावळच्या एका मेकॅनिकने ते काम चहा होईपर्यंत करून दिले.

आता आपल्या हवामानाविषयी. पहिल्या वर्षी मला भीती पावसाळ्याची होती. तडतड ऐकू आली ती मात्र मे महिन्यात. बाहेर 45 अंश तापमान, हवा कोरडी ठणठणीत, आणि डाव्या स्पीकरमधून संध्याकाळी तव्यावर मोहरी उडावी तसा बारीक आवाज. पटल, म्हणजे फिल्म आणि स्टेटर यांची चौकट, गेले असे समजून मी जवळजवळ हताश झालो होतो. आमच्या ओळखीचे एक अण्णा भुसावळला रेल्वेत विजेच्या कामातून निवृत्त झाले आहेत. 25 हजार व्होल्टच्या तारांखाली त्यांचा जन्म गेला. त्यांनी स्पीकरकडे पाहिलेच नाही, खोलीकडे पाहिले. खिडकीतला कूलर थेट डाव्या स्पीकरच्या पाठीवर वारा टाकत होता. ते म्हणाले, “भाऊ, इन्सुलेटरवर धूळ बसली आणि तिला ओल लागली, की वीज आपली वाट शोधते. तुमची बाहेरची हवा कोरडी असेल, या कोपऱ्यातली नाही.” कूलर बंद ठेवून दोन दिवस खोली कोरडी होऊ दिली, आणि तडतड थांबली. चूक पूर्णपणे माझी होती. आता कूलर चालू असेल तेव्हा स्पीकरांचा वीजपुरवठा बंद असतो, आणि मे महिन्यात मी पहाटे पाच ते सात या वेळेत ऐकतो. कूलरच्या घरघरीत तसेही काही ऐकण्यात अर्थ नसतो.

धुळीचा शत्रू वर्षभर आहे. भारित फिल्म धूळ ओढून घेते, म्हणून पटलांच्या दोन्ही बाजूंना पातळ धूळरोधक आवरण असते आणि ते फाटलेले नाही याची खात्री खरेदीच्या वेळीच करावी. आमच्याकडे कापूस जिनिंगच्या दिवसांत हवेत तंतू तरंगतात. ते बाहेरच्या जाळीवर पांढुरके दिसू लागले की वीज काढून, तासभर थांबून, मऊ ब्रशाने पुसून घ्यावेत. ओला फडका कदापि लावू नये. उष्णतेचा परिणाम गोंदावर होतो. या वयाच्या स्पीकरांत स्टेटर चौकटीला धरून ठेवणारा गोंद सुटणे ही सर्वपरिचित गोष्ट आहे, म्हणून पश्चिमेचे ऊन येणाऱ्या खिडक्यांची भिंत त्यांना देऊ नये आणि विकत घेताना पटले पुन्हा बांधलेली आहेत का, हे स्पष्ट विचारावे.

वीज येण्याजाण्याचा मात्र त्रास वाटतो तेवढा नाही. स्पीकरला भार टिकवण्यासाठी अगदी थोडी वीज लागते. अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर आणि स्पीकर सरळ लाइनवर असताना एकदा वीज गेली, तर गाणे चालूच राहिले आणि भार झिरपत गेला तसा आवाज काही मिनिटांत हळूहळू मावळला. वीज आल्यावर तो तसाच सावकाश परत चढला. दाब कमीजास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर मात्र आवश्यक आहे, आणि स्पीकरच्या मागचा व्होल्टेज सिलेक्टर आपल्या 230 व्होल्टला जुळणाऱ्या जागी आहे का, हे जोडण्यापूर्वी पाहावे.

ज्यांना जुन्या वस्तूची जोखीम नको, त्यांच्यासाठी क्वाडचे चार पटलांचे 2812 आणि सहा पटलांचे 2912 हे याच तत्त्वावरचे नवे स्पीकर आहेत. किंमत अर्थातच अनेक पटींनी जास्त आहे. अमेरिकेतील मार्टिनलोगन कंपनी वक्र पटल आणि खाली कोनाचा वूफर अशी संकरित रचना करते, ज्यात खालचे स्वर दणकट मिळतात. मुंबईत मी असे स्पीकर ऐकले आहेत. मला व्यक्तिशः एकाच फिल्ममधून येणारा अखंड स्वर अधिक भावतो, पण ज्यांच्या ऐकण्यात चित्रपटसंगीत आणि वाद्यवृंद जास्त आहे त्यांनी आधी ते ऐकावेत.

माझ्या जोडीतील उजव्या स्पीकरचे मागचे धूळरोधक आवरण आता एका कोपऱ्यात सैल झाले आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होण्याआधी दोन्ही स्पीकरांची आवरणे बदलून घेण्याचे ठरवले आहे, आणि त्याच वेळी अण्णा स्वतः भुसावळहून येऊन भाराची गळती मोजणार आहेत.